ओझोनचे कवच आणि वऱ्हाडचे ऊन

वऱ्हाडात उन्हाळा अंगावर येऊ लागला की एक वाक्य हमखास कानी पडते : "ओझोनला भोक पडले, म्हणून असे ऊन तापते." चहाच्या टपरीवर, एस.टी.च्या थांब्यावर, मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात, इतकेच नव्हे तर शालेय विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवरही हे वाक्य आम्ही ऐकले-वाचले आहे. मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत जिल्ह्यात कलम १४४ लागू केले. कामगारांना पिण्याचे पाणी व पंखे पुरवावेत, शिकवणी वर्ग भर दुपारी घेऊ नयेत असे त्या आदेशाचे स्वरूप होते. दंगलीच्या प्रसंगी वापरावयाचे कलम सूर्यामुळे वापरण्याची पाळी आली. त्या दिवसांत तर ओझोनचे नाव घराघरांत निघाले. म्हणून ह्या विषयाचा नीट उलगडा करावा, असे आम्हांस वाटले.

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की वऱ्हाडच्या आकाशात ओझोनला भोक पडलेले नाही, आणि ते कधी पडलेही नव्हते. ते विवर दक्षिण ध्रुवावर, अंटार्क्टिका खंडाच्या माथ्यावर, दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तयार होते आणि वर्षअखेरीपर्यंत भरून निघते. दुसरी गोष्ट अशी की ओझोनचा थर उष्णता अडवीत नाही. तो सूर्याची अतिनील किरणे अडवितो. ह्या किरणांनी त्वचा भाजते, डोळ्यांत मोतीबिंदू वाढतो, त्वचेच्या कर्करोगाचा धोका उद्भवतो, कोवळ्या पिकांचीही हानी होते. मात्र तापमापकातील पारा त्यांच्यामुळे चढत नाही. उन्हाळ्याची वाढती काहिली हे मुख्यतः कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून हवेत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचे आणि शहरांतून झाडे व माती नाहीशी होऊन आलेल्या सिमेंटचे फळ आहे. तरीही टपरीवरचे ते वाक्य अगदीच निराधार नाही. ओझोनचा नाश करणारे वायू स्वतः उष्णता कोंडून ठेवण्यातही कमालीचे तरबेज असतात. जुन्या फ्रिजमध्ये असणारा सीएफसी-१२ हा वायू, वजनास वजन धरले तर, शंभर वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट उष्णता धरून ठेवतो. चोर एकच, घरे दोन फोडली, असा हा प्रकार आहे. लोकांनी चोर बरोबर ओळखला. फक्त कोणते घर कोणत्या मार्गाने फोडले ह्यात त्यांची गफलत झाली.

हा थर केवढा, हेही जाणून घेण्यासारखे आहे. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन विरळपणे पसरलेला असतो. तो सगळा गोळा करून जमिनीवरच्या दाबाखाली अंथरला, तर त्याची जाडी सरासरी तीन मिलिमीटर भरेल. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवावीत, एवढीच. ही जाडी डॉब्सन ह्या एककात मोजतात. १०० डॉब्सन म्हणजे एक मिलिमीटर. भारतावर हा आकडा सामान्यतः २४० ते ३०० च्या दरम्यान असतो. विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशांत ओझोन मुळातच कमी आणि सूर्य मात्र डोक्यावर, त्यामुळे विवर नसतानाही आपल्याकडील दुपारचे ऊन अतिनील किरणांच्या दृष्टीने तीव्रच असते. भारतीय हवामान खात्याच्या पुणे येथील केंद्रातून ओझोनच्या ह्या नोंदी गेली अनेक दशके घेतल्या जात आहेत, फुग्याला उपकरण बांधून ते आकाशात सोडण्याचे कामही तेथून चालत आले आहे. ध्रुवावर मात्र वसंतात हा आकडा २२० च्या खाली येतो आणि वाईट वर्षी शंभराच्या आसपास घसरतो.

ह्या हानीचा उगम एका चांगल्या हेतूत आहे, हे आम्हांस फार बोलके वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू भरीत. नळी फुटली तर माणसे दगावत. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली ह्या रसायनतज्ज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन म्हणजे सीएफसी ही संयुगे शीतकरणासाठी पुढे आणली. ती विषारी नव्हती, पेट घेत नव्हती, कशाशी संयोग पावत नव्हती. सर्वांनी त्यांचे स्वागत केले. फ्रिज, वातानुकूलन यंत्रे, सुगंधी फवारे, गाद्यांतील फोम अशा असंख्य वस्तूंत ती शिरली. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड ह्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की त्यांचा हा निरुपद्रवीपणाच घातक आहे. खालच्या हवेत ती कशानेही नष्ट होत नाहीत, म्हणून वर वर जात राहतात. उंचीवर प्रखर अतिनील किरणांनी ती फुटतात व क्लोरिन मोकळा होतो, आणि क्लोरिनचा एकेक अणू ओझोनचे हजारो, प्रसंगी लाखभर रेणू फोडतो. ह्या निष्कर्षाची कारखानदारांनी प्रथम टर उडविली. पण मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन व त्यांच्या दोन ब्रिटिश सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातील हॅली केंद्रावरच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तेथील वसंतातला ओझोन जवळजवळ एकतृतीयांशाने घटला होता. दीर्घ ध्रुवीय रात्रीत उणे ८० अंशांच्या थंडीत जे बर्फाळ ढग तयार होतात, त्यांच्या पृष्ठभागावर क्लोरिन सक्रिय होतो आणि सूर्य उगवताच ओझोनवर तुटून पडतो, हे पुढील संशोधनाने स्पष्ट झाले. म्हणजे न्यूयॉर्कच्या किंवा मुंबईच्या फ्रिजमधून सुटलेल्या वायूने जेथे माणसांची कायमची वस्तीच नाही तेथील आकाश फाडले. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झन ह्यांना १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल येथे ह्या वायूंवर निर्बंध घालणारा करार झाला आणि १ जानेवारी १९८९ पासून तो अमलात आला. पुढे १६ सप्टेंबर हाच आंतरराष्ट्रीय ओझोन दिन ठरला. २००९ सालापर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या सर्व सदस्य देशांनी ह्या करारास मान्यता दिली. एवढे एकमत दुसऱ्या कोणत्या करारावर झाले होते, हे आम्हांस आठवत नाही. परंतु हे एकमत आपोआप झालेले नाही, आणि त्यातील भारताचा वाटा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. आरंभी भारत आणि चीन ह्या दोघांनीही सही करण्याचे नाकारले होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. आकाश बिघडविले ते श्रीमंत देशांनी. आमच्याकडे तर आत्ता कुठे घरोघरी फ्रिज येऊ लागला आहे. पर्यायी तंत्रज्ञान तुमच्या कंपन्यांच्या हातात, त्याचे पैसे आम्ही का मोजावेत? १९९० साली लंडनच्या परिषदेत तत्कालीन पर्यावरण मंत्री मनेका गांधी ह्यांनी ही बाजू खणखणीतपणे मांडली. परिणामी विकसनशील देशांसाठी बहुपक्षीय निधी स्थापन झाला. प्रथम १६ कोटी डॉलर ठरले, आणि भारत व चीन सामील झाल्यास ते २४ कोटी होतील असे मान्य झाले. ज्या देशांचा दरडोई वापर ०.३ किलोग्रॅमपेक्षा कमी होता, त्यांना सवलतीची दहा वर्षे अधिक मिळाली. १९ जून १९९२ रोजी भारत करारात दाखल झाला. आमच्या मते ह्या कराराच्या यशाचे मर्म येथे आहे. ज्याने अधिक बिघडविले त्याने अधिक द्यावे आणि आधी थांबावे, पण थांबावे सर्वांनीच, हा न्याय त्यात कागदावर उतरला, व त्यामागे पैसाही उभा राहिला. हवामानबदलाच्या वाटाघाटींत नेमके हेच वर्षानुवर्षे अडून बसले आहे.

आपल्या देशात अंमलबजावणीही, सरकारी कामाच्या मानाने, उल्लेखनीय झाली. २००० साली ह्यासंबंधीचे नियम आले. २००३ पासून नव्या फ्रिजमध्ये सीएफसी भरण्यास बंदी झाली. १ ऑगस्ट २००८ रोजी, ठरलेल्या मुदतीच्या सतरा महिने आधी, भारताने सीएफसीचे उत्पादन थांबविले. त्यात दम्याच्या रुग्णांच्या तोंडात मारावयाच्या फवाऱ्यांपुरता अपवाद ठेवला होता. पर्याय तयार होईपर्यंत रुग्णाचा श्वास अडू नये, ही दृष्टी त्यामागे होती. नंतर तोही वापर संपला. वाचकांपैकी ज्यांच्या घरी दमा आहे त्यांच्या हातातील फवारा कधी बदलला हे त्यांना कळलेही नसेल.

ख्रिस्तसभेनेही हा प्रश्न वेळीच हेरला होता. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १ जानेवारी १९९० च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात ओझोनच्या ऱ्हासाचा स्पष्ट उल्लेख केला आणि त्यास नैतिक प्रश्न म्हटले. तेव्हा भारत करारात सामीलही झालेला नव्हता. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी १६ सप्टेंबर २००७ रोजी, कराराच्या विसाव्या वर्षदिनी, दुपारच्या प्रार्थनेप्रसंगी त्याचे स्मरण केले, व २००८ साली व्हॅटिकन स्वतः करारात सामील झाले. मोलिना आणि क्रुट्झन हे दोघेही व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीचे सदस्य होते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या विश्वपत्रात अपयशी जागतिक परिषदांची झाडाझडती घेताना १६८ व्या परिच्छेदात जी थोडी यशस्वी उदाहरणे दिली, त्यांत ओझोनचा करार आहे.

आता सद्यःस्थिती. करारातील वायूंपैकी सुमारे ९९ टक्के वापर बंद झाला आहे. जागतिक हवामान संघटना व संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम ह्यांच्या जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालेल्या शास्त्रीय आढाव्यानुसार, सध्याचे धोरण टिकले तर जगाच्या बहुतेक भागांवर २०४० च्या सुमारास, उत्तर ध्रुवावर २०४५ च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास ओझोन १९८० च्या पातळीवर येईल. २०२४ चे विवर १९९२ नंतरच्या नोंदींत सातवे लहान ठरले. दरवर्षी ते लहानच होईल असे नाही. २०२० ते २०२३ ह्या वर्षांत ते मोठे आणि दीर्घकाळ टिकणारे होते. वणव्यांचा धूर, ज्वालामुखी आणि ध्रुवावरची थंडी ह्यांनुसार ते मागेपुढे होते. लबाडीही झाली. २०१८ साली शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की बंद झालेला सीएफसी-११ पुन्हा हवेत सोडला जात आहे. कोरिया व जपान येथील मोजणीवरून त्याचा माग पूर्व चीनमधील प्रांतांपर्यंत लागला, आणि बोभाटा होताच उत्सर्जन उतरले. पहारा चालू होता म्हणून चोरी सापडली.

करार झाला नसता तर काय झाले असते? २०२१ साली 'नेचर' नियतकालिकात ह्याचे एक गणित प्रसिद्ध झाले. अतिनील किरणांनी वनस्पतींची वाढ खुंटली असती, त्यांनी कार्बन कमी शोषला असता, त्यात सीएफसीची स्वतःची उष्णता मिळविली, तर शतकाअखेर पृथ्वी सुमारे अडीच अंशांनी अधिक तापली असती. अकोल्याच्या ४५ अंशांत हे अडीच अंश मिळवून पाहावेत.

मग वऱ्हाडच्या वाट्यास ह्या कथेतील कोणता भाग उरतो? आमच्या मते तीन गोष्टी उरतात, आणि तिन्ही आपल्या अंगणातल्या आहेत.

पहिली गारव्याची. वऱ्हाडचा पिढीजात उपाय म्हणजे वाळ्याच्या ताट्या आणि नंतर आलेला कूलर. कोरड्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाने गारवा देणाऱ्या ह्या यंत्रात कोणताही घातक वायू नसतो. पण त्यास पाणी लागते. काटेपूर्णा धरण आटू लागले की अकोल्यात नळाची वाट पाहावी लागते आणि खारपाण पट्ट्यातील गावांत क्षारयुक्त पाण्याने ताट्यांवर पांढरे पापुद्रे धरतात. साहजिकच ज्याला परवडते तो ए.सी.कडे वळतो. जुन्या ए.सी.मध्ये आर-२२ हा वायू आहे. तो सीएफसीहून सौम्य असला तरी ओझोनला बाधकच, आणि उष्णतेच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट. भारतात त्याचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ संपवावयाचा आहे. त्याच्या जागी आलेल्या आर-४१०ए मध्ये ओझोनला धोका नाही, पण उष्णतेचा आकडा २०८८. म्हणजे एक घर वाचविले, दुसरे पेटते ठेवले. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातील किगाली येथे मॉन्ट्रियल करारास दुरुस्ती जोडण्यात आली आणि भारताने ती सप्टेंबर २०२१ मध्ये मान्य केली. तीनुसार आपल्याला २०२८ पासून ह्या वायूंची वाढ गोठवावयाची आहे व २०४७ पर्यंत त्यांत ८५ टक्के कपात करावयाची आहे. तुलनेने सौम्य असा आर-३२ बाजारात रूढ झाला आहे, तर गोदरेज कंपनीने प्रोपेनवर चालणारी यंत्रेही काढली आहेत. शीतगृहांत व बर्फाच्या कारखान्यांत जो अमोनिया आजही वापरला जातो, तो विषारी असला तरी ओझोन व उष्णता ह्या दोन्ही हिशेबांत निर्दोष आहे. मिजलीच्या काळात ज्याला हाकलले, तोच आज योग्य खबरदारीसह शहाणा पर्याय ठरतो आहे.

दुसरी गोष्ट युरियाची, आणि ती अनेकांना अनपेक्षित वाटेल. २००९ साली ए. आर. रविशंकर व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की सीएफसी मागे पडल्यावर आता मानवनिर्मित उत्सर्जनांपैकी ओझोनला सर्वांत बाधक वायू नायट्रस ऑक्साइड हा आहे. मॉन्ट्रियल करारात तो नाही. त्याचा मोठा उगम शेतीत, नत्रयुक्त खतांत आहे. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते. भरपूर युरिया टाकला, पाठोपाठ झड लागली आणि माती चिबडली, की हवेविना जिवाणू त्या नत्राचा काही भाग ह्या वायूत बदलतात. शंभराहून अधिक वर्षे टिकणारा तो वायू वर पोहोचतो आणि ओझोन फोडतो. तो ओझोन कसा फोडतो, हे क्रुट्झन ह्यांनी १९७० मध्येच सांगितले होते. ह्यात शेतकऱ्यास दोषी धरणे आम्हांस मुळीच मान्य नाही. कपाशीच्या भावाने आणि पावसाच्या लहरीने मेटाकुटीस आलेल्या वऱ्हाडच्या माणसाने आता आकाशाचाही हिशेब द्यावा, ही अपेक्षा क्रूर होईल. पण येथे त्याचा फायदा आणि आकाशाचा फायदा एकाच बाजूस आहेत. उडून गेलेला नत्र हा त्याच्याच खिशातून उडालेला पैसा असतो. २०१५ पासून देशातील सर्व युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो, तो नत्र हळूहळू सुटावा म्हणून. माती परीक्षण करून, हप्त्याहप्त्याने, पिकास लागेल तेवढेच खत द्यावे, हे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्था सांगत असतात. तो सल्ला आता ओझोनच्याही कामाचा आहे.

तिसरी गोष्ट जमिनीलगतच्या ओझोनची. जो वायू वर रक्षक, तोच खाली विष. वाहने व औष्णिक केंद्रे ह्यांतून निघणारे नायट्रोजनचे वायू आणि इंधनाची वाफ ह्यांवर प्रखर ऊन पडले की ओझोन तयार होतो. तो फुप्फुसे पोळतो आणि पानांच्या रंध्रांतून आत शिरून पिकाची वाढ खुंटवितो. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला ह्यासंबंधीचा जिल्हानिहाय अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कापूस, सोयाबीन, भात व गहू ही चार पिके होती. गव्हाचे वार्षिक नुकसान सुमारे ३५ लाख टन व भाताचे सुमारे २१ लाख टन निघाले. पहिली दोन पिके कोणाची, हे वऱ्हाडातील वाचकास सांगण्याची गरज नाही. बोंडअळी दिसते, पिवळा मोझॅक दिसतो; हा चोर दिसत नाही, म्हणून त्याची तक्रार कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ह्या टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. रस्ता चांगला झाला ह्याचा आनंद आहेच. त्यावरून धावणाऱ्या मालमोटारींच्या धुराची आणि पारसच्या धुराड्यांतील नायट्रोजन वायूंची मोजणी लगतच्या शेतांतही व्हावी, अशी मागणी मात्र लोकप्रतिनिधींकडे करावयास हवी. मॉन्ट्रियलला आकाश वाचले ते मोजणीने. येथे मोजणीपासूनच सुरुवात आहे.

धर्मग्रामांच्या पातळीवर करता येण्याजोग्या गोष्टी लहान पण नेमक्या आहेत. निंदण-वेचणीस जाणाऱ्या मजूर भगिनींसाठी रुंद काठाच्या टोप्या, आणि अकरा ते तीन ह्या वेळेत कामास सुटी. कारण डोळ्यांस इजा करणारी किरणे तेव्हाच सर्वाधिक असतात. आमच्या संस्थांच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे ह्यांतून नवा ए.सी. घेताना त्यावरील पट्टीत वायूचे नाव वाचावे. जुना मोडीत काढताना भंगारवाल्याने नळी कापून वायू हवेत सोडू नये, म्हणून आधी मेकॅनिककडून तो टाकीत काढून घ्यावा. ह्यासाठी लागणारे यंत्र व प्रशिक्षण लहान दुकानदारांना परवडत नाही. सरकारी योजनांतून तंत्रज्ञांचे प्रशिक्षण होते, तेथपर्यंत आपल्या तरुणांना पोहोचविता येईल. वऱ्हाडातील अनेक ख्रिस्ती तरुण आय.टी.आय. करून ह्याच धंद्यात शिरतात. एका सर्वसाधारण जुन्या ए.सी.मध्ये किलोभर आर-२२ असतो. तो हवेत सोडण्यास लागतो अर्धा मिनिट, आणि टाकीत भरून घेण्यास पाऊण तास. त्या पाऊण तासाची मजुरी गिऱ्हाइकाने द्यावयाची असते.